गहाण घर, अंगणातलं झाड आणि पायाखालची काळी माती

कुंभार पिंपळगाव. गावाच्या नावातच माती आहे आणि झाडही आहे. मातीची पारख कुंभाराला असते. चिकणमाती वाळली की आकसते, तडकते, म्हणून तो तिच्यात राख आणि लीद मिसळतो. घर बांधताना आपण मात्र पायाखालची माती पाहतही नाही आणि कर्ज काढून वर स्लॅब टाकतो. (व्याजाचा प्रश्न ज्याने त्याने आपल्या उलेमांशी बोलून ठरवावा, इथे विषय मातीचा आहे.)

मराठवाड्यातली काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेली. तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज पाणी मिळालं की फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. जुन्या लोकांनी 'काळी' शेतीला आणि 'पांढरी' वस्तीला ठेवली, ती उगाच नाही. आता पांढरी भरली आणि प्लॉटिंग थेट कापसाच्या रानात आलं.

त्यात झाडाची भर पडते. कडुनिंब, पिंपळ, निलगिरी यांची मुळं उन्हाळ्यात मातीतलं उरलंसुरलं पाणी ओढतात. त्या बाजूची माती जास्त आकसते, पाया एकीकडे खचतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. इंग्लंडमध्ये १९७६ च्या दुष्काळात चिकणमातीवरच्या असंख्य घरांना असेच तडे गेले. तिथे घरालगत मोठं झाड असेल तर कर्ज देणारी संस्था झाडाचा अहवाल मागू शकते. आपल्याकडे बँकेचा व्हॅल्युअर बहुधा बांधकाम, क्षेत्रफळ आणि बाजारभाव पाहतो. मातीची चौकशी आपणच करायची, कारण भिंत तडकली तरी हप्ता थांबत नाही.

एक गोंधळ नेहमी दिसतो. शेताची मृदा आरोग्य पत्रिका घेऊन लोक म्हणतात, 'माती तपासली आहे की!' त्या पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश असे १२ घटक असतात. ते पिकासाठी. पायासाठी तपासणी वेगळी, ती अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या स्थापत्य विभागाच्या किंवा खाजगी भू-तांत्रिक प्रयोगशाळेत होते. तिथे 'फ्री स्वेल इंडेक्स' मागा. पद्धत अगदी सोपी आहे. बारीक चाळलेली कोरडी माती १०-१० ग्रॅम घेऊन एक भाग पाण्यात आणि एक रॉकेलमध्ये २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. रॉकेलमधली माती १२ मिलिलिटर आणि पाण्यातली २१ भरली, तर फुगवटा ७५ टक्के. भारतीय मानकानुसार ५० च्या आत कमी, १०० पर्यंत मध्यम, २०० पर्यंत जास्त आणि त्यापुढे अतिजास्त. सोबत द्रवमर्यादा आणि आकुंचन मर्यादाही काढून घ्या. नमुना वरवरचा नको, पायाच्या खोलीवरचा हवा. झाड असेल तर एक नमुना झाडाच्या बाजूचा, एक लांबचा. दोन्हींतल्या ओलाव्याचा फरक मे महिन्यात नीट कळतो.

भेग आधीच असेल तर तिच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. उन्हाळ्यात रुंदावणारी आणि पावसाळ्यात मिटणारी भेग मातीचीच समजावी.

यावर लोक पहिला उपाय करतात तो कुऱ्हाडीचा. तिथेच थांबा. घर बांधण्याआधीपासूनचं मोठं झाड एकदम तोडलं, तर सुकलेली माती पुन्हा पाणी पिऊन फुगते आणि पाया वर उचलला जातो. शिवाय आंबा, चिंच, जांभूळ अशी झाडं महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या यादीत आहेत; परवानगी लागते. मालमत्ता गहाण असेल तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम ६६ बघा: तारण अपुरं पडेल असं कायमचं नुकसान कर्जदाराने करायचं नाही. फळबाग गहाण असेल तर हे फारच लागू. म्हणून आधी बँकेला लेखी कळवा.

नवीन बांधकाम असेल तर पाया मुरमापर्यंत न्या. मुरूम खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइलचा विचार करा. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ही पद्धत काळ्या मातीसाठीच विकसित केली. साधारण साडेतीन मीटरखाली ओलावा फारसा बदलत नाही, तिथे पाइलचा फुगीर भाग बसतो. नवं झाड लावताना ते पूर्ण वाढल्यावर जितकं उंच होईल तितकं अंतर भिंतीपासून ठेवा. मोरीचं आणि न्हाणीचं पाणी पायाशी मुरू देऊ नका.

विम्याचंही पाहून घ्या. १ एप्रिल २०२१ पासूनच्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत जमीन खचण्याचं संरक्षण आहे, पण नव्या बांधकामाच्या नेहमीच्या बसण्याने पडलेल्या भेगा त्यात येत नाहीत. मातीचा अहवाल आणि तारखा टाकलेले भेगांचे फोटो फाइलमध्ये असले, तर दाव्याच्या वेळी बोलायला हातात काहीतरी राहतं.