घनाचे तुकडे

१९ जुलै १९३८ रोजीं कोल्हापुरांत जयंत विष्णु नारळीकर यांचा जन्म झाला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हेहि कोल्हापूरचेच. केंब्रिजहून रँग्लर होऊन परतल्यावर १९३२ पासून ते काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांत गणिताचे प्राध्यापक होते. आई सुमतीबाई या संस्कृतच्या पंडिता, माहेरच्या हुजूरबाजार. त्यांचे बंधु वसंतराव यांचा जन्महि कोल्हापूरचाच. त्यांनींहि केंब्रिजला हॅरल्ड जेफ्रीज यांच्या मार्गदर्शनाखालीं संशोधन केलें आणि पुढें पुणें विद्यापीठांत संख्याशास्त्राची घडी बसविली. दुसरे बंधु मोरेश्वर हे एम्. एस्सी. च्या अभ्यासासाठीं काशीस बहिणीच्या घरीं राहावयास आले. त्या घराच्या भिंतीवर मुलांसाठीं फळे लावलेले होते. मोरूमामा फळ्यावर एखादें कोडें लिहीत, वर ‘ज. वि. ना. यांस आव्हान’ अशा अर्थाचा मथळा घालीत, आणि भाचा तें सोडवी किंवा हार मानी तोंवर तें तसेंच राही.

हीं कोडीं शाळेच्या पुस्तकांतलीं नसत, हेंच त्यांचें मर्म. पुस्तकांतल्या उदाहरणाचा एक अलिखित करार असतो: प्रश्न छापला आहे, त्या अर्थीं उत्तर शेवटच्या पानांवर आहेच. कोडें या करारानें बांधलेलें नसतें. ‘हें होणारच नाहीं, आणि कां होणार नाहीं तें असें’ हेंहि तेथें पुरें उत्तर ठरतें. नारळीकरांनीं पुढें मराठी वाचकांसाठीं ‘गणितातील गमतीजमती’ हें पुस्तक लिहिलें. २०२५ सालीं त्यांचें निधन झालें. असल्या करमणुकीच्या गणितांत घनाचे तुकडे करण्याच्या कोड्यांचें मोल विशेष आहे. कारण ‘नाहीं’ हें उत्तर त्यांत जितक्या उघडपणें सिद्ध होतें, तितकें क्वचितच अन्यत्र होत असेल.

सर्वांत साधें कोडें असें. एक लांकडी घन घ्यावा व त्याचे सारखे २७ घन करावेत. प्रत्येक दिशेनें दोन याप्रमाणें सहा वेळां करवत चालविली कीं काम झालें. आतां, प्रत्येक कापानंतर तुकडे उचलून हवे तसे रचण्याची मोकळीक दिली, तर पांच कापांत भागेल काय? मनुष्य बराच वेळ निरनिराळ्या रचना करून पाहतो, आणि रचना पुष्कळ असल्यामुळें त्याची आशा सुटत नाहीं. वास्तविक सगळ्या मधल्या एका घनाकडे पाहिलें कीं पुरें. त्याला सहा पृष्ठें आहेत, आणि त्यांतलें एकहि मूळ ठोकळ्याच्या बाहेरच्या अंगाला नाहीं. सहाहि करवतीनेंच निर्माण व्हावयाचीं. तुकडे कसेहि रचले तरी एक सरळ काप त्या घनाचीं दोन पृष्ठें एकदम उघडीं करूं शकत नाहीं. म्हणून सहा.

करवतीचा हिशेब आपल्याकडे जुना आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) क्रकचव्यवहार नांवाचें प्रकरणच आहे, क्रकच म्हणजे करवत. बुडाशीं २० व शेंड्याशीं १६ अंगुलें जाड, १०० अंगुलें लांब असें लांकूड लांबीच्या दिशेनें चार ठिकाणीं चिरलें, तर काम किती हात झालें? सरासरी जाडी १८. तिला लांबीनें गुणून १८००. चार कापांचे ७२००. एका चौरस हातांत ५७६ चौरस अंगुलें, म्हणून तितक्यांनीं भागून साडेबारा. हाच हिशेब घनाला लावून पाहण्यासारखा आहे. ३६ अंगुलांचा घन घेतला तर एका कापाचें क्षेत्र १२९६, सहांचें ७७७६, म्हणजे साडेतेरा हात. आतां तुकडे रचून कापा, न हलवितां कापा, किंवा एका वेळीं एकच तुकडा घेऊन सव्वीस वेळां कापा. करवतीखालीं येणारें लांकूड तेंच, साडेतेरा हात. मजुरी मोजून देणाऱ्याला या कोड्यांत कांहींच दिसावयाचें नाहीं. करवत किती वेळां उचलावी लागली हा प्रश्न पैशांचा नव्हे, निव्वळ बुद्धीचा आहे.

२७ वरून ६४ वर गेलें कीं मात्र रचनेची मोकळीक एकदम कामाला येते. तुकडे न हलवितां ६४ घन करावयाचे तर प्रत्येक दिशेनें तीन, एकूण नऊ काप लागतात. पण आधीं मधोमध कापून, दोन्ही अर्धे एकावर एक ठेवून पुन्हा मधोमध कापलें, तर प्रत्येक दिशेनें दोनच, एकूण सहा. सहांहून कमी येथेंहि चालत नाहीं, परंतु कारण निराळें: एका कापानें तुकड्यांची संख्या फार तर दुप्पट होते, आणि पांच वेळां दुप्पट करून ३२ च होतात. हेंच कारण २७ ला लावलें तर पांच काप पुरेसे वाटतील. तेथें तो मधला घन आडवा येतो.

सारख्या तुकड्यांचें हें झालें. एकहि तुकडा दुसऱ्याएवढा नसावा, अशी अट घातली म्हणजे प्रकरण गहन होतें. ज्या केंब्रिजला विष्णु वासुदेव, वसंतराव आणि जयंतराव असे कोल्हापूरचे तिघे आप्त वेगवेगळ्या काळीं शिकले, तेथेंच ट्रिनिटी कॉलेजांत १९३६ ते १९३८ च्या सुमारास ब्रुक्स, स्मिथ, स्टोन व टट हे चार विद्यार्थी या प्रश्नाच्या नादीं लागले. नाद लावला तो हेन्री ड्यूडनी यांच्या १९०७ च्या पुस्तकांतील एका पेटीच्या कोड्यानें. प्रथम त्यांनीं चौरस घेतला: एका चौरसाचे सर्व निरनिराळ्या मापांचे चौरस करतां येतील काय? त्यांनीं चौरसांच्या मांडणीला विजेच्या तारांच्या जाळ्याचें रूप दिलें; प्रत्येक चौरसाची बाजू म्हणजे एका तारेंतील प्रवाह. प्रवाहाचे नियम लावतां उत्तर निघालें कीं, करतां येतात. जर्मनींत रोलांड स्प्राग यांनीं १९३९ सालीं ५५ तुकड्यांचा असा चौरस प्रसिद्ध केला होताच. १९७८ सालीं डच गणिती डाउवेस्टाइन यांनीं संगणकाच्या साहाय्यानें २१ तुकड्यांचा शोधून काढला. त्याहून कमी तुकड्यांत तो होत नाहीं.

चौरसाला साधलें तें घनालाहि साधेल, असें वाटणें स्वाभाविक होतें. चौघांनीं १९४० च्या आपल्या निबंधांत दाखविलें कीं, तें साधत नाहीं. आणि त्या सिद्धतेला वीज लागत नाहीं कीं बीजगणित लागत नाहीं. समजा, निरनिराळ्या मापांच्या घनांनीं एक घनाकार पेटी गच्च भरली आहे. तळाला टेकलेल्या घनांतला सर्वांत लहान कोणता, तो पाहावा. तो भिंतीला लागून असूं शकत नाहीं. असता, तर त्याचे दोन्हीकडचे मोठे शेजारी त्याच्यापुढें निघाले असते आणि त्यांच्यामध्यें त्याच्याच रुंदीची गल्ली उरली असती. ती भरावयास त्याहूनहि लहान घन तळावर हवा. कोपऱ्यांत असल्यास एका शेजाऱ्याची जागा भिंत घेते, एवढेंच. तेव्हां तो मध्यें आहे, आणि चारी बाजूंस त्याहून उंच शेजारी आहेत. त्याचा माथा म्हणजे एका आडाचा तळ झाला. या आडाच्या तळावर बसणारे घन त्याच्याहून लहान आणि परस्परांहून भिन्न. त्यांतला सर्वांत लहान पुन्हा मध्यें, पुन्हा त्याच्या माथ्यावर आड. जुन्या घरांतून गाडग्यांची उतरंड असे, वरचें गाडगें खालच्याहून लहान. येथेंहि तशीच उतरंड चढत जाते. घरांतली कोठें तरी थांबते, ही थांबत नाहीं. तुकडे मात्र मोजकेच आहेत. तेव्हां मुळांतलें ‘समजा’च खोटें.

भिन्न मापांची अट काढून टाकली तरी प्रश्न संपत नाहीं. १९४६ सालीं स्विस गणिती ह्यूगो हाडविगर यांनीं विचारलें: घनाचे नेमके किती घन होऊं शकतात? एका घनाचे आठ केले कीं संख्या सातांनीं वाढते. म्हणून १, ८, १५, २२ होतात. २७ पैकीं आठांच्या जागीं एक मोठा ठेवला कीं २० होतात. ६४ पैकीं २७ च्या जागीं एक ठेवला कीं ३८. परंतु २ पासून ७ पर्यंत एकहि संख्या होत नाहीं, आणि ४७ होत नाहीं. ४८ पासून ५४ पर्यंतच्या सात संख्या साधल्या, तर सात सात मिळवीत पुढच्या सर्व आपोआप येतात. त्या सातांतली ५४ तेवढी अडून बसली, ती १९७७ पर्यंत. त्या सालीं डोरिस रिखेनर व झ्बिंडेन यांनीं ती सोडविली. बाजू ८ असलेला घन घ्यावा व त्याचे ४ बाजूचे आठ करावेत. सहा तसेच ठेवावेत. शेजारचे दोन जोडून जो लांब दांडा होतो, त्याच्या दोन्ही टोकांना ३ बाजूचा एकेक घन, मधल्या पट्ट्यांत २ बाजूचे चार, आणि उरलेल्या फटींत १ बाजूचे बेचाळीस. सहा, दोन, चार आणि बेचाळीस मिळून ५४. एवढ्यासाठीं एकतीस वर्षें गेलीं.