फुंकणीने चढलेला रंग



गेल्या दिवाळीआधी आमच्या बचतगटाने पणत्या आणि कुंड्या रंगवायला घेतल्या. ब्रशने रंग लावला की पट्टे दिसायचे. कच्ची कुंडी रंगात बुडवली तर ओल धरून मऊ पडायची. आमच्यातल्या दोघींनी शहरात एका प्रशिक्षणात एक साधं हत्यार पाहिलं होतं. दोन बारीक नळ्या काटकोनात जोडलेल्या. एक नळी रंगात उभी ठेवायची, दुसरी ओठांत धरायची. फुंकलं की धुक्यासारखे थेंब उडतात आणि रंग सगळीकडे सारखा बसतो.

ते हत्यार घ्यायला आम्ही तालुक्याची दुकानं पालथी घातली. एकाने झाडांवर पाणी मारायचा फवारा पुढे केला, दुसऱ्याने कॉम्प्रेसर दाखवला. त्याची किंमत ऐकून आम्ही मुकाट्याने परत आलो. बैठकीत हे सांगितल्यावर गटातल्या एक आजी म्हणाल्या, "अगं, ही तर फुंकणीच. फुंकणी कधी कुणी दुकानातून आणली का?" त्या बोलण्यावरून आम्ही या हत्याराचा इतिहास शोधायला लागलो. जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगतो.

फुंकून रंग लावणं हे मडक्यांपेक्षाही जुनं आहे. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर गुहांच्या भिंतींवर हातांचे ठसे आहेत. हात भिंतीवर ठेवायचा आणि त्याच्याभोवती रंग उडवायचा, म्हणजे हात उचलल्यावर त्याची कोरी आकृती उरते. त्यातला एक ठसा जवळजवळ 40 हजार वर्षांपूर्वीचा आहे. फ्रान्स आणि स्पेनच्या गुहांतही असे हात आहेत. डीन स्नो या अमेरिकन संशोधकाने त्यांतल्या काही हातांच्या बोटांची मापं घेतली आणि 2013 मध्ये निष्कर्ष मांडला, की मोजलेल्या हातांपैकी चारातले तीन बायकांचे असावेत. या निष्कर्षावर सगळ्यांचं एकमत नाही. पण तोवर हे काम शिकारी पुरुषांचंच असं बरेच जण गृहीत धरून बसले होते, हे आम्हाला लक्षात ठेवण्यासारखं वाटलं.

भांड्यांवर फुंकण्याची कला बहराला आली ती चीनमध्ये. जिंगदेझेन हे तिथलं चिनी मातीच्या भांड्यांचं मोठं गाव. फ्रान्सचे एक पाद्री, द'आंत्रकोल, तिथे राहत होते. त्यांनी 1712 आणि 1722 मध्ये मायदेशी लांबलचक पत्रं लिहिली आणि कारागिरांचं काम बारकाईने टिपून ठेवलं. फुंकून लावायच्या लाल रंगाबद्दल ते सांगतात: नळीच्या एका तोंडाला दाट विणीचं जाळीदार कापड बांधायचं, ते कापड हलकेच रंगाला टेकवायचं, आणि दुसऱ्या तोंडातून भांड्यावर फुंकायचं. भांड्यावर बारीक बारीक लाल ठिपके उमटतात. निळा रंगही असाच फुंकत. तो इतका महाग, की भांड्याखाली कागद अंथरून खाली पडलेली पूड पुन्हा गोळा करत. चपातीचं पीठ परातीत झटकून घेणाऱ्या आपल्याला ही काटकसर वेगळी सांगायला नको.

पुढे 1743 मध्ये बादशहाच्या हुकमावरून तांग यिंग या अधिकाऱ्याने भांडी बनवण्याच्या वीस चित्रांना माहिती लिहून दिली. ते जिंगदेझेनच्या शाही कारखान्याचे प्रमुख होते. ते लिहितात, की पूर्वी झिलई ब्रशने लावत, पण ती सारखी बसत नसे. मग बुडवून पाहिलं, तर भांडी फार फुटायला लागली. म्हणून लहान भांडी बुडवायची आणि मोठी फुंकायची, असं ठरलं. फुंकायला बांबूची नळी, इंचभर रुंद आणि सात इंच लांब, टोकाला जाळीचं कापड. एका भांड्यावर कमीत कमी तीन-चार वेळा, जास्तीत जास्त सतरा-अठरा वेळा थर फुंकत.

हे वाचून आम्ही एकमेकींकडे बघतच राहिलो. ब्रशचे पट्टे आणि बुडवल्यावरची नासाडी, आमच्या दोन्ही अडचणी पावणेतीनशे वर्षांपूर्वी त्या कारागिरांच्याही होत्या! आणि त्यांचा उपाय होता वीतभर बांबू. बादशहाचं नाव इतिहासात आहे, तांग यिंग यांचं आहे, पत्र लिहिणाऱ्या पाद्र्यांचं आहे. एकेका भांड्यावर अठरा वेळा श्वास खर्च करणाऱ्यांचं नाव मात्र कुठेच नाही.

नाव राहिलं ते एका बाईचं, तेही भांडणामुळे. अमेरिकेत सिनसिनाटी शहरात 1880 मध्ये मारिया लाँगवर्थ निकोल्स या बाईंनी रुकवुड नावाचा कुंभारकामाचा कारखाना काढला. तिथे लॉरा फ्राय नावाची चित्रकार काम करत होती. भांड्यावर रंगीत मातीचा पातळ लेप ब्रशने दिला की दोन रंगांच्या मधे रेघ दिसायची. 1884 च्या सुमाराला लॉराने तोंडाने फुंकायचा फवारा वापरून पाहिला. ओल्या भांड्यावर गडद तपकिरीतून पिवळ्यात रंग असे विरघळत गेले, जसं संध्याकाळचं आभाळ. हीच त्या कारखान्याची ओळख झाली, आणि 1889 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात रुकवुडला सुवर्णपदक मिळालं.

त्याच वर्षी लॉराला या पद्धतीचं पेटंट मिळालं. पेटंट म्हणजे, ही रीत माझी, दुसऱ्याने वापरायची तर माझ्या परवानगीने. तोवर तिने रुकवुड सोडलं होतं. कारखाना मात्र तिची रीत वापरतच राहिला. लॉरा कोर्टात गेली. 1898 मध्ये निकाल लागला तो तिच्या विरुद्ध. न्यायाधीश होते विल्यम टाफ्ट, जे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांचं म्हणणं, फवारा जुनाच आहे, जुनं हत्यार नव्या कामाला लावलं म्हणून तो शोध ठरत नाही.

या निकालावर आमच्या बैठकीत बराच वाद झाला. काहीजणी म्हणाल्या, बरोबरच आहे, फुंकण्यावर कुणा एकीची मालकी कशी असेल? तसं झालं असतं तर उद्या आपल्यालाही परवानगी मागावी लागली असती. दुसऱ्या म्हणाल्या, मग तिच्या डोक्याची किंमत काय? कारखान्याला पदक, तिला काय? आम्हाला दोन्ही म्हणणी पटतात. मालकी नसो, पण हे कुणाला सुचलं ते लिहून ठेवायला पैसे लागत नाहीत.

आता हत्याराबद्दल. नळीतून जोरात निघालेली हवा उभ्या नळीच्या तोंडावरून जाते तेव्हा तिथला दाब कमी होतो. भांड्यातला रंग त्यामुळे वर चढतो आणि हवेच्या झोतात फुटून त्याचे थेंब होतात. दोन नळ्यांची तोंडं अगदी समोरासमोर आली पाहिजेत, जरा सरकली की नुसती हवा जाते. रंग मलमलीतून दोनदा गाळावा आणि काम झालं की लगेच पाणी फुंकून नळी धुवावी, नाहीतर ती बुजते. हे हत्यार विकत हवंच असेल तर कुंभारकामाच्या नव्हे, चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात विचारा. कोळशाची चित्रं पुसू नयेत म्हणून चित्रकार त्यांवर एक द्रव फवारतात, त्यासाठी हीच जोडनळी वापरतात.

आम्ही मात्र आजींचं ऐकलं. वीतभर बांबू तासला, टोकाला मलमल बांधली आणि गेरूचं पातळ पाणी फुंकलं. पहिल्या दोन पणत्यांवर ओघळ आले. मग एकीने सुचवलं, कापड रंगात बुडवू नका, नुसतं टेकवा, आणि पहिला थर वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका. तिसरी पणती मनासारखी झाली.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. चुलीच्या फुंकणीने आपल्या आया-आज्यांच्या डोळ्यांना आणि छातीला काय दिलं, ते आपण पाहिलं आहे. झिलईत गारेची भुकटी असते, काहींत शिसंही असतं. ती छातीत गेली तर बाहेर निघत नाही. तोंडात नळी असताना मास्क लावता येत नाही. म्हणून आम्ही नियम केले: तोंडाने फुंकायचं ते फक्त गेरू आणि मातीचं पाणी. झिलई असेल तर हातपंप आणि चांगला मास्क. काम उघड्यावर, वारा पाठीमागून. श्वास घेताना नळी तोंडातून बाहेर काढायची. वाळलेली धूळ झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी या कामात नको.

बैठकीच्या वहीत आता एक नवं पान आहे. फुंकणी हे नाव कुणी दिलं, मलमल कुणी बांधली, कापड टेकवायचं कुणाला सुचलं, हे तारखेसकट त्यात लिहिलं आहे. सगळ्यात वर आजींचं नाव आहे. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून नावासमोर त्यांनी गेरूत बुडवून अंगठा उठवला.