क्रम आणि सज्जता: लिनक्समधील नेटवर्क-आरंभाची कुळकथा

वीज जाऊन परत आल्यावर लिनक्सवरील सर्व्हर सुरू होतो, पण त्यावरचा डेटाबेस उभा राहत नाही. तोच थोड्या वेळाने हाताने सुरू केल्यास विनातक्रार चालतो. अशा वेळी नेटवर्क इंटरफेसला, म्हणजे यंत्राला जाळ्याशी जोडणाऱ्या दुव्याला, पत्ता मिळण्याआधीच डेटाबेसने तो मागितलेला असण्याची शक्यता मोठी असते.

या दोषाचे कूळ आरंभाच्या पद्धतीत आहे. सिस्टिम फाइव्ह या युनिक्सकडून लिनक्सने घेतलेल्या रीतीत प्रत्येक सेवेच्या स्क्रिप्टच्या नावात 'एस' या अक्षरापुढे दोन अंकी क्रमांक असे आणि त्या क्रमाने स्क्रिप्ट एकामागून एक चालत. रेड हॅटमध्ये नेटवर्कचा क्रमांक 10 होता. आधीची स्क्रिप्ट संपल्यावरच पुढची सुरू होत असल्यामुळे क्रम म्हणजेच सज्जता असा समज रूढ झाला, आणि तो बराच काळ निभावलाही. 2010 साली लेनार्ट पोएटरिंग आणि काय सीव्हर्स यांनी पुढे आणलेल्या सिस्टमडी या आरंभ-प्रणालीने सेवा समांतर सुरू केल्या, तेव्हा हा समज उघडा पडला. सिस्टमडीत 'आफ्टर' हा शब्द केवळ क्रम सांगतो, तर दुसरी सेवा सुरू व्हावी अशी मागणी 'वॉन्ट्स' या शब्दाने करावी लागते. शिवाय 'नेटवर्क डॉट टार्गेट' या टप्प्याचा अर्थ नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम सुरू झाला एवढाच असून, जोडणी खरोखर सिद्ध होण्याची वाट पाहणारा टप्पा 'नेटवर्क-ऑनलाइन डॉट टार्गेट' हा आहे.

सोलापूरच्या वाचकाला हा भेद विजेच्या जाळ्यावरून चटकन उमगेल. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर–सोलापूर या 765 किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिणेचे विद्युतजाळे देशाच्या उरलेल्या जाळ्याशी समकालिक रीतीने जोडले गेले. अशा जोडणीत मनोरे आणि तारा उभ्या असणे पुरत नाही, तर दोन्ही बाजूंची वारंवारता, दाब आणि फेज पुरेशा जुळल्यावरच ब्रेकर जोडता येतो.

त्याच वर्षी, जानेवारीत, सिस्टमडीच्या 197व्या आवृत्तीने नेटवर्क इंटरफेसच्या नावांचा जुना घोळही हाती घेतला. 'ईटीएच-शून्य', 'ईटीएच-एक' ही नावे कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, नेटवर्क कार्डे ज्या क्रमाने सापडत त्यावर ठरत, त्यामुळे दोन कार्डांच्या यंत्रात ती पुढच्या आरंभी अदलाबदल होऊ शकत. नव्या रीतीत नाव कार्डाच्या यंत्रातील जागेवरून ठरते.

सुरुवातीच्या डेटाबेससारख्या सेवेच्या आरंभी काही सेकंदांचा थांबा घालण्याचा प्रचलित उपाय दोष झाकतो, दूर करीत नाही. योग्य मार्ग म्हणजे 'जर्नलसीटीएल' या सिस्टमडीच्या नोंदी दाखवणाऱ्या आज्ञेने त्या आरंभाची नोंद वाचून पत्ता केव्हा मिळाला हे पाहणे, आणि सेवेच्या फाइलमध्ये ऑनलाइन टप्प्यासाठी 'वॉन्ट्स' व 'आफ्टर' हे दोन्ही लिहिणे. वाट पाहणारी सेवाही इंटरफेस सांभाळणाऱ्या प्रोग्रामचीच असावी लागते. नेटवर्कमॅनेजर हा प्रोग्राम इंटरफेस सांभाळत असलेल्या यंत्रावर सिस्टमडीच्या नेटवर्कडी या दुसऱ्या प्रोग्रामची प्रतीक्षा-सेवा चालू राहिली, तर आरंभ 120 सेकंद अडून राहू शकतो.