पालघटीचा चौक

वसईकराला इतिहास म्हटले की किल्ला आठवतो. १७३९ सालचा तो वेढा, चिमाजीअप्पांची जिद्द, सुरुंगांनी उडालेले बुरूज! दिवाळीत आमच्या आळीतली पोरे मातीचे किल्ले रचतात, त्यांत एक तरी वसईचा असतोच. तो अभिमान मलाही आहे. परंतु वाचकहो, या खेपेला मी तुम्हांला समुद्राकडे पाठ करून उगवतीला नेणार आहे; रेल्वेचे रूळ ओलांडून तुंगारेश्वराच्या डोंगराकडे, आणि तेथून वर डहाणू-तलासरीच्या जंगलपट्टीत. तिकडे तट नाहीत, तोफा नाहीत. तिथला इतिहास कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखला जात असे, आणि तो रेखणाऱ्या बाया होत्या.

वारल्याच्या घरी लग्न निघाले म्हणजे आधी भिंत सारवायची. कारवीच्या कुडावर शेणमातीचा हात, त्यावर गेरू. मग सवाशिणी बसतात. तांदळाचे पीठ पाण्यात कालवलेले, आणि बांबूची काडी टोकाला चावून केलेला कुंचला, एवढेच सामान. प्रथम चौकट निघते, रेघांवर रेघा, त्रिकोणांच्या माळा. चौकटीच्या मध्ये पालघट देवी, हात पसरून उभी. पालघट म्हणजे भरलेला घट. झाडापेराची, पोटापाण्याची देवी. भोवती सूर्य, चंद्र, झाडे, घोडा, फणी, शिडी, बाशिंग. पंचशिऱ्या देव बाजूला वेगळ्या चौकात. हा चौक झाल्याखेरीज लग्न लागत नाही. लग्न लावते तीही बाईच, धवलेरी. ती गाण्यांतून देवांना बोलावते. आमच्याकडच्या सुधारकांनी याचा विचार केला असता तर बरे झाले असते.

आता या मंगल चित्रामागची दुसरी बाजू सांगतो. ज्या लग्नासाठी हा चौक निघे, त्या लग्नाला पैसा कोठून येई? सावकाराकडून. आणि तो फेडायचा कशाने? अंगमेहनतीने. लग्नासाठी कर्ज काढणारा तरुण सावकाराचा ‘लग्नगडी’ होई; तो एकटा नव्हे, त्याची नवी नवरीसुद्धा. हिशेब सावकाराच्या वहीत, आणि वाचता येणारा सावकारच! कर्ज फिटायचे नाव नाही. कित्येकांचा जन्म त्यातच गेला. शिवाय वेठ निराळी. जमीनदाराचा माणूस पाड्यावर आला की हातातले काम टाकून जायचे. पावसाळ्यात खावटीचे भात घ्यायचे आणि सुगीला त्याहून कितीतरी जास्त घालायचे. मुंबई सरकारने नेमलेल्या सिमिंग्टन नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याचा अहवाल १९३९ साली छापला गेला. वेठीला नकार देणाऱ्याला खांबाला बांधून चाबकाने मारतात, असे या सरकारी माणसाने लिहून ठेवले आहे.

म्हणजे ज्या सवाशिणी भरलेला घट काढीत होत्या, त्यांच्या घरातली कणगी बहुधा रिकामी असे. आणि समोर बाशिंग बांधून बसलेला मुलगा उद्यापासून कोणाचा, हे त्यांना पक्के ठाऊक असे. बहुतेकींची स्वतःची लग्ने तशीच झालेली! तरी चौकात सावकार कोठे दिसत नाही. चाबूक नाही, वही नाही.

हे चौक पाहून शहरातला माणूस म्हणतो, ‘काय निष्पाप, आनंदी लोक!’ कॅलेंडरावर आणि पिशव्यांवर तसेच छापलेले असते. हे बोलणे माझ्या मनाला लागते. माझ्या वर्गात पाड्यावरची मुले बसतात. भीती म्हणजे काय हे त्यांच्या आज्यांना विचारावे. दुसरे काहीजण म्हणतात, दुःख विसरण्यासाठी रंगवलेले हे स्वप्न आहे. तेही मला पटत नाही. चौकावर कापड झाकतात, भगत देवीला साद घालतात, आणि मग ते कापड दूर होते. देवीने इथे यावे, या घरात घट भरावा, असे ते मागणे आहे. जे नाही ते नुसते आठवायचे नव्हे, तर त्याला बोलावून आणायचे.

हेच मागणे १९४५ साली उघड्यावर आले. त्या वर्षीच्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन झाले. उंबरगाव तालुक्यातले थोडे वारली तेथे गेले आणि लाल बावटा पाहून आले. शामराव व गोदावरी परुळेकर त्यांच्या मुलखात गेली. गोदूताई या वकिलीची परीक्षा उतरलेल्या पुण्याच्या गोखल्यांच्या कन्या. त्या पाड्यापाड्यांतून पायी हिंडल्या. २३ मे रोजी झरी गावी सुमारे पाच हजार वारली जमले. ठराव साधे होते: वेठ करायची नाही, मजुरी रोख आणि दिवसाला बारा आणे. त्यानंतर लग्नगडी सावकारांच्या वाड्यांतून बाहेर पडू लागले.

पावसाळा सरला, गवतकापणीचा हंगाम आला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मिळेपर्यंत विळा लावायचा नाही, असा संप झाला. ऑक्टोबरच्या १० तारखेला कोणी खोटीच बातमी उठवली की तलवाड्याला बाई येणार आहेत आणि त्यांच्या जिवाला धोका आहे. बाई तेथे नव्हत्याच. पण रातोरात माणसांचा लोट लागला. ११ तारखेला निःशस्त्र जमावावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाचजण पडले; त्यांतला जेठ्या गांगड हे नाव वारल्यांत आजही घेतात. जमाव बावट्याभोवती उभा होता तसा उभा राहिला. परुळेकरांना हद्दपार केले तरी संप मोडला नाही.

गोदूताईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७० साली निघाले. १९७२ चे साहित्य अकादमीचे पारितोषिक त्याला मिळाले. ते प्रत्येक घरी असावे. वारल्यांचे माणूसपण कसे उभे राहिले ते त्यात आहे. मला मात्र वाटते की ते आधीपासून कोठेतरी जपलेले असल्यावाचून एका उन्हाळ्यात असे उभे राहत नाही. बावटा झरीला नवा होता. भरल्या घटाची मागणी फार जुनी होती.

पुढे सत्तरीच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी हे चौक जगापुढे आणले. कागद आला, पुरुषही चितारू लागले. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या कागदांवर मासेमारी आली, शेती आली, गोल फेर धरून नाचणारी माणसे आली. ते कागद आता परदेशांतल्या संग्रहालयांत काचेमागे आहेत.

सवाशिणींच्या चौकांना काच नव्हती. लग्न उरकले की ती भिंत पुन्हा घराची भिंत होई. चुलीचा धूर तिच्यावर बसे, पोरांचे हात लागत, पावसाळ्यात ओल चढून पिठाचे पोपडे सुटत. मग पाड्यावर दुसरे लग्न ठरे, आणि बाया पुन्हा गेरू कालवायला घेत.