आर्जिनेज
आर्जिनेज : आर्जिनीन या ॲमिनो अम्लाचे जलीय विच्छेदन करून ऑर्निथीन व यूरिया तयार करणारे विकर (एंझाइम). हायड्रोलेज वर्ग, वर्गीकरण क्रमांक ३.५.३.१. आल्ब्रेख्ट कोसेल व हेन्री डेकिन यांनी १९०४ मध्ये ते यकृतात शोधून काढले.

प्रथिनांच्या विघटनातून निर्माण होणारा अमोनिया विषारी असतो. यकृतातील यूरिया चक्रात त्याचे यूरियात रूपांतर होते. या चक्राची अखेरची पायरी आर्जिनेजमुळे घडते. यूरिया मूत्रावाटे बाहेर पडतो, तर ऑर्निथीन पुन्हा चक्रात वापरले जाते. हे चक्र हान्स क्रेब्ज व कुर्ट हेन्झेलाइट यांनी १९३२ मध्ये मांडले.

मानवी आर्जिनेज-१ चा रेणू तीन सारख्या उपघटकांचा असतो. प्रत्येक उपघटकात मँगॅनिजाचे दोन आयन असून त्यांच्यामुळे क्रियाशील झालेला पाण्याचा अंश आर्जिनिनाच्या ग्वानिडीन गटावर हल्ला करतो. आर्जिनेज-१ मुख्यतः यकृतपेशींच्या परिकलात, तर आर्जिनेज-२ मूत्रपिंडासह इतर ऊतींच्या तंतुकणिकांत आढळते. नायट्रिक ऑक्साइड तयार करणाऱ्या विकरालाही आर्जिनीनच लागते. त्यामुळे आर्जिनेजची सक्रियता वाढल्यास नायट्रिक ऑक्साइडाची निर्मिती घटू शकते.

आर्जिनेज-१ च्या जनुकातील दोषामुळे रक्तात आर्जिनीन साठते. हा दुर्मीळ विकार अप्रभावी आनुवंशिकतेने संक्रमित होतो. पायांचे स्नायू ताठरणे, वाढ खुंटणे, बौद्धिक विकास मंदावणे व झटके येणे ही त्याची लक्षणे होत. उपचारांत प्रथिनांचे प्रमाण नियंत्रित ठेवलेला आहार महत्त्वाचा असतो.