तुणतुणे (साथीतील स्थान)

तुणतुणे : तमाशा, पोवाडा व गोंधळ यांच्या साथीचे एकाच तारेचे वाद्य. पोकळ लाकडी नळकांड्याच्या एका तोंडाला कातडे मढवून त्यातून तार काढतात आणि बाजूच्या दांडीवरच्या खुंटीला ताणतात. तार गायकाच्या षड्जाशी जुळवलेली असते. सातारा-सांगलीकडच्या फडांत ते बहुधा गायकामागे उभ्या झीलकऱ्याच्या हाती असते.

वाद्य सोपे, पण साथीतली जागा राखणे अवघड. पाश्चात्त्य संगीतातल्या बाराबारी ब्लूजमध्ये पाचव्या व नवव्या बारीला स्वरसंघात (कॉर्ड) बदलतो, त्यामुळे गिटारवादकाला आपण कुठे आहोत ते कळते. तुणतुण्याला बदलायला दुसरा सूरच नाही. त्याने कान ढोलकीच्या समेवर आणि ध्यान ध्रुपदावर ठेवायचे. मात्रा मोजत बसणारा हमखास चुकतो. शाहिराने मध्येच बोलणी घातली, तर हात न थांबवता आवाज दाबायचा. चुकलेच, तर घाईने गाठायला न जाता पुढच्या समेला मिसळायचे. ढोलकीवाला रंगात येऊन लय चढवतो तेव्हा खरी कसोटी लागते.

तमाशा-पोवाड्याच्या या परंपरेतले दोन नामवंत शाहीर याच भागातले : पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) रेठरे हरणाक्षचे, तर अण्णा भाऊ साठे (१९२०–६९) वाटेगावचे. आज सांगली जिल्ह्यात असलेली ही दोन्ही गावे त्यांच्या जन्माच्या वेळी सातारा जिल्ह्यात होती.