श्लेंगेल्न (नागमोडी जाणे)

जर्मन क्रियापद. अर्थ : सापासारखी वळणे घेत पुढे सरकणे. नदी, पायवाट, गर्दीतून वाट काढणारा माणूस, सगळ्यांना ते चालते. सोबत बहुधा 'झिश' (स्वतःला) हे सर्वनाम येते. जर्मन नदी नुसती वळत नाही, स्वतःला वळवत नेते.

व्युत्पत्ती : 'श्लांगं' म्हणजे साप, प्राचीन उच्च जर्मन रूप 'स्लांगो'. त्याचे नाते 'वेढणे, पीळ घालणे' या अर्थाच्या 'श्लिंगन'शी. म्हणजे हालचालीवरून सापाचे नाव पडले आणि त्या नावावरून पुन्हा हालचालीचे क्रियापद झाले. शेवटचा '-एल्न' क्रिया बारीक, पुन्हापुन्हा होणारी असल्याचे सुचवतो. 'लाखन' (हसणे) वरून 'लेखेल्न' (स्मित करणे) झाले तसेच. संस्कृतानेही सापाला चालीवरूनच ओळखले : सृप् धातूवरून सर्प, वाकत जातो तो भुजग. जर्मन माणसे तिकिटाच्या रांगेलाही 'श्लांगं' म्हणतात. भुसावळ स्थानकावर ती उपमा कुणाला खटकणार नाही.

मराठीत नाग चालीला नव्हे, वाटेला चिकटला : नाग + मोड (वळण), 'नागमोडी' हे विशेषण. 'वळवळणे' हे क्रियापद आहे, पण ते गांडुळाचे. नदी वळवळते म्हटले तर हसू येईल.

या शब्दाला साजेशी नदी भुसावळजवळच आहे. जळगावहून येणारी रेल्वे जिच्यावरून जाते ती वाघूर अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते आणि पुढे तापीला मिळते. मऊ गाळाच्या सपाटीवर नदी वळणाचा बाहेरचा काठ खाते, आतल्या काठाशी गाळ टाकते, त्यामुळे वळण वाढत जाते. अजिंठ्यात मात्र हे वळण बेसाल्टमध्ये खोल उतरले आहे. घोड्याच्या नालेसारख्या त्या वळणाच्या बाहेरच्या, सुमारे 76 मीटर उंच कड्यात इ.स.पू. दुसऱ्या शतकापासून इसवी सनाच्या पाचव्या शतकापर्यंत, मधला मोठा खंड धरून, सुमारे 30 लेणी कोरली गेली. कडाच वळल्यामुळे त्यांची तोंडेही एका दिशेला नाहीत.

नदीच्या अशा वळणाला जर्मन भूगोलात 'मेआंडर' हा वेगळा शब्द आहे. तो सापावरून नव्हे, पश्चिम तुर्कस्तानातल्या आजच्या मेंदेरेस नदीच्या जुन्या ग्रीक नावावरून आला.